कोंडवाड्यातला चेंडू

आमच्या दैवशालाचं नाव पेपरात आलं की मी चष्मा पुसून वाचायला बसते आणि हटकून चिडते. ती भारताच्या संघातून खेळते, जलद गोलंदाजी करते, परदेशात जाऊन गडी बाद करून येते, हे सगळं पेपरवाले बरोबर छापतात. पण खाली घराण्याविषयी ज्या चार ओळी टाकतात त्या साफ खोट्या असतात. म्हणे आजोबा रेल्वेच्या संघात होते, त्यांच्याकडून हिला खेळाचा वारसा मिळाला. कुणी सांगितलं यांना? तिचे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर व्यंकटी. पूर्णेच्या लोको शेडमध्ये इंजिनं पुसायचे. रविवारी साहेब लोकांच्या मैदानावर सकाळी मॅट अंथरायची आणि संध्याकाळी गुंडाळायची, एवढाच त्यांचा खेळ. एकदा एक गडी कमी पडला म्हणून त्यांना बॅट देऊन उभं केलं, तर पहिलाच चेंडू पोटरीवर घेतला आणि आठवडाभर लंगडत होते. माणूस फार भला होता. पण हा वारसा त्यांच्या नावावर टाकू नका.

वारसा आजीचा आहे, दगडाबाईचा. ती माझी धाकटी जाऊ. मी नर्मदाबाई, थोरली. माझे वडील वालूरला शाळामास्तर होते म्हणून मला लिहिता येतं. दगडाबाईला अक्षर येत नव्हतं, आणि आता ती राहिलीही नाही, तेव्हा तिचं मीच लिहायला पाहिजे. पेपरवाल्यांना वाचायचं असेल तर वाचतील.

दगडाबाई येलदरीची. तिथे आता धरण झालंय आणि तिच्या बापाचं रान पाण्याखाली गेलंय. तेव्हा मात्र पूर्णा नदी आपली मोकळी वाहायची आणि काठानं ज्वारी उभी असायची. हिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं. असं नाव ठेवलं की मरणाची नजर चुकते अशी आमच्याकडे समजूत. नजर चुकली खरी. ही जगली, आणि अशी जगली की घरात मुलगा नाही याची बापाला आठवण राहिली नाही. कळायला लागल्यापासून ज्वारीची राखण तिच्याकडे. कणसं हुरड्याला आली की पाखरांचे थवे उतरतात. रानाच्या मधोमध चार लाकडं रोवून उंच माळा बांधायचा, त्यावर उभं राहायचं आणि दिवसभर गोफण चालवून पाखरं हाकायची. हे काम ज्यानं केलंय त्यालाच माहीत खांदा म्हणजे काय असतो.

गोफणीत पुष्कळजण दगड घालतात. दगडाबाईच्या माहेरी ते चालत नसे. दगडानं कणीस मोडतं, मग ते पाखरांनी खाल्लं काय आणि आपण पाडलं काय, सारखंच. नदीची चिकणमाती आणून तिचे लिंबाएवढे गुंडे वळायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि ते फेकायचे. पडला की फुटून मातीत माती. शिवाय लोक डोक्यावर गरागरा तीन-चार फेरे देऊन गोफण सोडतात, हिचा एकच फेरा. हात मागून वर, कानाला लागून सरळ पुढं. कोपर म्हणून वाकायचं नाही. बापानंच तसं शिकवलं होतं, कारण चार फेरे होईपर्यंत थवा कणसांवर बसलेला असतो. आणि गुंडा पाखराला मारायचा नसतो, थव्याच्या पुढ्यात टाकायचा, म्हणजे थवा आपोआप वळतो. हे सगळं मला तिनं पुढे सांगितलं. मी मास्तरची पोर, मला ज्वारी फक्त भाकरीतली माहीत.

लग्न होऊन ती पूर्णेला आमच्या घरात आली तेव्हा चौदा-पंधराची असेल. सासूबाई आधीच वारलेल्या, घरात बायका आम्ही दोघीच. सासरे किशनराव. त्यांचा जीव दोन गोष्टींत होता, एक रान आणि दुसरा शब्द. किशनराव खोटं बोलले असं कुणी नुसतं सुचवलं तरी त्यांना जेवण जात नसे. रान रेल्वेच्या हद्दीला लागून होतं. मध्ये एक बांध आणि तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे लोको शेडवाल्यांचं क्रिकेटचं मैदान. पूर्णा जंक्शन असल्यानं रेल्वेत कुठकुठले लोक होते. मद्रासकडचे, गोव्याचे, हैदराबादचे. रविवार आला की पांढऱ्या विजारी घालून सगळे मैदानावर. आमच्या गावाला तो निव्वळ पोरकटपणा वाटायचा. पोरीबाळींची लग्नं झालेली माणसं एका चेंडूमागं धावतात म्हणजे काय, असं म्हणत गाव बांधावर बसून दिवसभर बघायचं.

त्यांचा म्होरक्या कादर मिस्त्री. इंजिनदुरुस्तीतला मोठा कारागीर, हैदराबादचा. तो बोलायला लागला की शेडमधल्या इंजिनालाही गप्प बसावं लागायचं. मनानं मात्र मोकळा होता, आणि व्यंकटीभावोजींना तो लेकरासारखं वागवायचा.

त्रेचाळीसचा हिवाळा. लढाई चालू होती, फौजेच्या गाड्या रात्रंदिवस जंक्शनातून जायच्या, पण रविवारचा खेळ चुकत नव्हता. त्या वर्षी संघात एक लांबट मद्रासी पोरगा आला होता, नाव मला कधी धड म्हणता आलं नाही. तो चेंडू असा उचलून मारायचा की थेट आमच्या ज्वारीत. पहिला चेंडू पडला तेव्हा मी भाकरी घेऊन रानात गेले होते. माळ्याजवळ धपकन काहीतरी पडलं, दोन ताटं मोडली. दगडाबाई खाली उतरली, चेंडू उचलला आणि हातात फिरवून फिरवून बघायला लागली.

“अक्का, ह्याला मधून शिवण हाय बगा,” ती म्हणाली. “धरायला लय झ्याक.”

तारेपाशी येऊन मिस्त्री ओरडला, “बाई, गेंद!”

दगडाबाईनं तो गोफणीत ठेवून बघितला, पण चामडं गुळगुळीत, गोफणीत ठरेना. मग ती माळ्यावर चढली आणि तसाच हातानं टाकला. तसाच म्हणजे तिच्या रीतीनं, कोपर न वाकवता, कानाजवळून. चेंडू ज्वारीवरून, बांधावरून, तारेवरून गेला आणि मैदानातल्या तीन दांडक्यांपाशी जाऊन पडला. मैदानावरचे लोक कमरेवर हात ठेवून रानाकडे बघत राहिले. मग खेळायला लागले. त्या दिवसापासून रिवाजच पडला. चेंडू रानात पडला की तिकडून “बाई, गेंद!” अशी हाक यायची आणि पाठोपाठ इकडून चेंडू जायचा. कोण टाकतंय ते मैदानावरून दिसत नसे. ज्वारी पुरुषभर उंच, माळ्यावर गवताचं छप्पर, दिसायचा तो नुसता येणारा चेंडू. लोकांनी समजूत करून घेतली की राखणदारीण चेंडू उचलून बांधापर्यंत येते आणि तिथून टाकते.

मला ती तेव्हा किती आनंदात होती हे आठवलं की आजही बरं वाटतं. घरात ती धाकटी सून होती. पाणी आण, दळण दळ, मान खाली घाल. माळ्यावर मात्र तिच्या डोक्यावर कुणी नव्हतं. संध्याकाळी घरी आली की चुलीपुढं बसून खांदा चोळायची आणि गालात हसायची.

मग एका रविवारी दुपारी मी भाकरी घेऊन रानात होते, तेव्हा किशनराव अवचित तिथं आले. त्यांना काय दिसलं, तर ज्वारीत पडलेली एक वाट, मोडलेली ताटं, तारेपलीकडून त्यांच्या सुनेला परका माणूस मारतोय ती हाक, आणि हातात चेंडू घेऊन वर निघालेली सून. त्यांनी डोक्यात राख घालून घेतली.

“धाकले, खाली ये,” ते म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला चेंडू काढून घेतला. “आता हात उचलायचा न्हाई. उद्यापासून माळा बंद. थोरला बन्सीधर करील राखण, तू घरात ऱ्हा.”

दगडाबाईनं पदर सारखा केला आणि माझ्यामागं घरी चालू लागली. किशनराव मात्र घरी आले नाहीत. ते चेंडू घेऊन तडक कोंडवाड्यावर गेले.

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे कुणाचं गुरू पिकात शिरलं तर ते मारायचं नाही, हाकलायचं नाही, कोंडवाड्यात नेऊन घालायचं. मालक येतो, चावडीवर पोलीस पाटलापुढे चूक कबूल करतो आणि आपलं जनावर सोडवून नेतो. किशनरावांचा हिशेब सरळ होता. पिकात जे शिरलं ते कोंडवाड्यात गेलं पाहिजे, मग त्याला पाय असोत की नसोत. कोंडवाड्याचा भुजंग गडबडला. त्यानं आजवर म्हशी कोंडल्या होत्या, गाढवं कोंडली होती. “किशनराव, ह्याला दावं कुटं बांधू?” म्हणून त्यानं विचारलं. “कुलूप लाव,” किशनराव म्हणाले. भुजंगानं चेंडू रिकाम्या गव्हाणीत ठेवला आणि फाटकाला कुलूप लावलं.

गावाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मिस्त्री तणतणत आला. “कोंडवाडे में डाल दिये? गेंद कू? उसके सींग किधर हैं, मेरे कू दिखाव,” असं म्हणत तो गावभर फिरला. लढाईच्या दिवसांत चामड्याचा दुसरा चेंडू मिळणं मुश्कील, त्यामुळे त्यांचा खेळच बंद पडला.

इकडे माळ्यावर माझे मालक बन्सीधर. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, पण जेवण झालं की त्यांचे डोळे मिटायचे हे सगळ्या रानाला माहीत होतं, पाखरांना तर पहिल्याच दिवशी कळलं. दगडाबाई घरात दळत होती. तीन-चार दिवस असेच गेले. मग एका सकाळी जात्याचा खुंटा सोडून म्हणाली, “अक्का, मला दुसरं काय नगं. साडी नगं, डागिना नगं. मला माळा पाहिजे. हितं मला हात हायेत ह्याची यादच ऱ्हायना गेली.”

मी काय सांगणार? सासऱ्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी तिच्यासमोर बसले आणि खुंट्याला हात लावला. दोघींनी मिळून दळण पुरं केलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलांनी दोन्हीकडच्यांना चावडीवर बोलावलं. माणिकराव पाटील म्हणजे रिवाजाला धरून चालणारा माणूस. बैठकीवर बसायच्या आधी पागोटं नीट करायचे आणि मग मात्र कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत.

“किशनराव, जनावर पिकात कुणी बगितलं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या राखणदारानं.”

“मंग राखणदाराची गवाही पाहिजे. रिवाज हाय.”

आता राखण बन्सीधरकडं होती, म्हणून किशनरावांनी त्यांच्याकडं बोट केलं. बन्सीधर उभे राहिले. चेंडू कुठं पडला म्हणून विचारल्यावर त्यांनी आधी बापाकडं बघितलं, मग पाटलांकडं बघितलं आणि सांगितलं की ते त्या दिवशी जिंतूरला गेले होते. माझ्या मालकांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा एक मोठा गुण होता.

“झूट की बात नक्को,” मिस्त्री म्हणाला. “राखन करनेवाली बाई है. सारा गाँव जानता.”

“ज्यानं जनावर उचललं त्यानं सांगायचं,” पाटील म्हणाले. “किशनराव, धाकट्या सूनबाईला बोलवा.”

किशनरावांचा चेहरा उतरला. ज्या सुनेला लोकांच्या नजरेआड ठेवायचं म्हणून एवढं केलं, तिलाच आता भर चावडीवर बोलवायची वेळ त्यांच्याच फिर्यादीनं आणली होती. फिर्याद मागं घ्यावी तर गाव म्हणणार, किशनराव खोटे पडले. त्यांनी व्यंकटीभावोजींना घरी धाडलं.

आम्ही दोघी गेलो. डोक्यावरून पदर घेऊन चावडीच्या खांबाआड उभ्या राहिलो. दगडाबाईनं शांतपणे सांगितलं, “माळ्याच्या बुडाशी पडला व्हता. दर येळी तितंच पडतंय. ताटं मोडलेली हायेत, बगा जाऊन.”

“ताटं क्या, बैल भी तोडता,” मिस्त्री म्हणाला. त्याचं म्हणणं निराळं होतं आणि ऐकायला बिनतोड होतं. “पाटील साब, सुनो. गेंद हर बार वापस आती, सीधी डंडों के पास. अब माले से उत्ती दूर कोई फेंक सकता क्या? मेरे यहाँ इंजिन में कोयला झोंकनेवाले हैं, वो बी नहीं फेंक सकते. मतलब गेंद बांध पे गिरती, ये बाई बांध से फेंकती. फसल में गया इच नहीं. किशनराव की फिर्याद झूटी है.”

किशनरावांना भरसभेत कुणी तसं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

“रानात चला,” पाटील उठले. “माळ्यावरून चेंडू मैदानात जात असंल तर किशनरावचं खरं. जात नसंल तर मिस्त्रीचं खरं. भुजंगा, जनावर घे.”

सगळं गाव रानाकडे निघालं. पुढे पाटील, मागं गव्हाणीतला चेंडू उपरण्यात धरून भुजंग, त्याच्या मागं दोन्हीकडची माणसं. मिस्त्रीची पोरं मैदानावर जाऊन तीन दांडके ठोकून उभी राहिली. आम्ही माळ्याच्या बुडाशी जमलो. मोडलेली ताटं तिथं होती. पण त्याहून वाईट होतं ते वर. माळ्याच्या चहूकडची कणसं पाखरांनी पोखरून पांढरी केली होती, आणि माणसांची एवढी गर्दी असूनही एक थवा खुशाल बसून खात होता. किशनराव त्या कणसांकडं बघत राहिले. आठ दिवसांत झालं होतं ते सगळं.

भुजंगानं चेंडू दगडाबाईच्या हातात दिला. ती तो धरून उभी राहिली.

“धाकले, फेक,” किशनराव म्हणाले.

ती हलली नाही. मला वाटलं, घाबरली. मी तिच्या पाठीला हात लावला तर पाठ ताठ होती.

“मामंजी,” ती म्हणाली, “तुमीच म्हणलाव, हात उचलायचा न्हाई म्हून.”

“आता मीच म्हणायलोय नव्हं, फेक म्हून.”

“आजच्यापुरतं का कायमचं?”

एवढंच विचारलं तिनं. आवाज चढवला नाही, पदर ढळू दिला नाही. सासऱ्याला सून गावासमोर असं विचारते, हे आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. व्यंकटीभावोजी स्वतःच्या पायांकडं बघत होते. किशनराव एक शब्द जरी रागानं बोलले असते आणि त्यांनी पाठ फिरवली असती, तर ती त्याच घटकेला घरात गेली असती आणि जन्मभर जात्यापाशी राहिली असती. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. तरी ती चेंडू हातात धरून वाट बघत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी हिच्यापेक्षा मोठी आहे हे केवळ वयानं.

किशनराव पुन्हा कणसांकडं वळले. तो थवा अजून खातच होता. मग खालच्या आवाजात म्हणाले, “कायमचं.”

“मला ऐकू आलं न्हाई,” पाटील म्हणाले. “मोठ्यानं सांगा, किशनराव.”

“कायमचं,” किशनराव मोठ्यानं म्हणाले. “माझ्या जिवात जीव हाय तंवर माळा तिचा. ऐकलाव का समद्यांनी? फेक आता, पोरी.”

दगडाबाईनं पदर कमरेला खोचला, कासोटा तपासला आणि माळ्यावर चढली. चेंडू हातात फिरवून शिवण शोधली. आधी तिनं एक गुंडा उचलून त्या थव्याच्या पुढ्यात टाकला, कारण राखणदाराला आधी पीक. थवा वळला. मग चेंडू. हात मागून वर आला, कानाला लागून गेला. चेंडू ज्वारीवरून, बांधावरून, तारेवरून गेला, दांडक्यांच्या अलीकडे एकदा टप्पा पडला आणि पुढं सरळ जाऊन लागला. लोक आता सांगतात की तिन्ही दांडके उडाले. मी त्याच पावली बांधावर जाऊन बघितलं. एकच उडाला होता, मधला.

कादर मिस्त्रीनं पाटलांपुढे जाऊन स्वतःचे कान धरले. “हौ, मेरी गलती. गेंद मेरी, फसल इनकी,” असं रीतसर कबूल केलं. जनावर सुटलं. मिस्त्रीनं स्वतःहून मॅटची दिशा फिरवायचं ठरवलं, म्हणजे लांबट पोरानं मारलं तरी चेंडू रुळांकडं जाईल. ज्वारीला पुन्हा चेंडू लागला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई माळ्यावर होती.

गोष्ट इथंच संपली असती, पण मिस्त्रीला झोप लागेना. सुगी झाली, खळ्यावर मळणी झाली, धान्य घरात आलं, तरी तो रोज किशनरावांच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्याला एकच हवं होतं. “तुम्हारी बहू का हाथ सीधा है, कोहनी मुडती इच नहीं. कायदे की बात है. मेरे छोकरों कू एक दिन उसके सामने खडा करो.”

“माझी सून मैदानात यायची न्हाई,” किशनराव म्हणाले.

“तो हम तुम्हारे खेत में आते.”

रानात कुठं खेळणार? एकच जागा सपाट आणि टणक होती, ती म्हणजे खळं. धुम्मसानं ठोकून, शेणानं सारवून केलेलं, मळणीला बैल फिरून फिरून दगडासारखं झालेलं. किशनरावांनी विचार केला आणि अट घातली, “खळ्यावर पायात काही घालून चालायचं न्हाई. आमी घालत न्हाई, तुमीबी घालायचं न्हाई.”

तर असे ते रेल्वेचे खेळाडू, पांढऱ्या विजारी वर दुमडून, अनवाणी पायांनी आमच्या खळ्यावर आले, आणि दगडाबाईनं त्यांना गोलंदाजी केली. शिवण आडवी धरून टाकायची कधी, कधी उभी. पायाजवळ टप्पा पडला की अनवाणी माणूस काय करतो ते तुम्ही समजू शकता. तो लांबट मद्रासी पोरगा खळ्यावर असा नाचला की बांधावरच्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. किशनराव कडब्याच्या गंजीवर पान लावत बसले होते. पहिला गडी गेला तेव्हा सुपारी कातरत होते. दुसरा गेला तेव्हा त्यांचं पान लावायचं थांबलं. तिसऱ्याच्या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं, “धाकले, त्या लांबट्याला पायाजवळच टाक, त्याला वाकाया येत न्हाई.”

त्यानंतर दर वर्षी सुगी उरकली की खळ्यावरचा खेळ ठरलेलाच. परभणीहून, नांदेडहून रेल्वेचे लोक मुद्दाम रविवारी उतरायचे. दगडाबाईचा लिंबाजी पोटात होता ते एक वर्ष तेवढं चुकलं. तेव्हा मिस्त्री रोज व्यंकटीभावोजींना विचारायचा, दगडाबाईचा खांदा कसा आहे. लेकराचं विचारायचं त्याच्या लक्षात यायचं नाही.

अठ्ठेचाळीसच्या साली मैदान ओस पडलं. रझाकारांचे दिवस आले, मग हिंदुस्थानची फौज आली, आणि त्या मधल्या दिवसांत कोण कुणाला भ्यायचं तेच कळेना. मिस्त्रीच्या बायकापोरांना किशनरावांनी आमच्या घरी आणून ठेवलं आणि स्वतः दारात खाट टाकून बसले. दगडाबाई माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर बसली, शेजारी गोफण आणि वाळलेल्या गुंड्यांची पाटी. ज्यांच्या मनात काही होतं त्यांनी ती पाटी बघितली असावी. कुणी जवळ आलं नाही. सगळं निवलं, मग मिस्त्री सिकंदराबादेला बदलून गेला. जाताना तो कोंडवाड्यातला चेंडू तिला देऊन गेला. चामडं गेलेलं, शिवण उसवलेली. तिनं ती पुन्हा गोफणीच्या सुतानं शिवून घेतली.

त्याच चेंडूवर तिनं पुढे लिंबाजीच्या लेकीला, म्हणजे दैवशालाला, हात फिरवायला शिकवलं. व्यंकटीभावोजी दांडक्यांमागं उभे राहून चेंडू आणून द्यायचे. म्हणाल तर एवढा त्यांचा वारसा, तो मी नाकारत नाही.

दैवशालाची भारताच्या संघात निवड झाल्याचं कळलं तेव्हा घर भरलेलं होतं. दगडाबाई खाटेवर असायची, उजवा खांदा पार गेला होता. लिंबाजी बाहेरून आला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले. मग बाप म्हणून त्याला जे सुचलं ते बोलला, “जा बाई. ह्या वर्षापुरतं जा. मंग पावण्यांस्नी व्हय म्हणायचं हाय.”

पोरगी एवढ्यावरच हरखली. पाया पडायला वाकली. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“पोरी, थांब. त्याला आधी इचार, आजच्यापुरतं का कायमचं.”

ही गोष्ट त्या घरात सगळ्यांनी ऐकलेली होती. लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडं काय बगतूस? तुला इचारलंय.”

दैवशाला सरळ उभी राहिली. बापाच्या डोळ्यात बघून तिनं आजीचा प्रश्न विचारला, शब्दाला शब्द.

लिंबाजीनं मान खाली घातली. “कायमचं,” तो म्हणाला.

“मोठ्यानं सांग,” दगडाबाई म्हणाली.